द्वेषाची भाषणं आणि भडक मथळे : डेस्कवर नेमके नियम काय असावेत?

रात्रपाळी :

वेब डेस्कसाठी एकपानी नियमावली लिहायला घेतली आहे. एखाद्या समाजाविरुद्ध, भाषिक गटाविरुद्ध किंवा स्थलांतरितांविरुद्ध कोणी विखारी बोललं, किंवा दोन गटांत हाणामारी झाली, तर बातमी कशी द्यायची, हा विषय. ‘संयम बाळगावा’, ‘भडक भाषा टाळावी’ असल्या वाक्यांनी पाळीवरच्या उपसंपादकाचं काम भागत नाही. त्याला पाच मिनिटांत कॉपी सोडायची असते. हाताशी ठोस काहीतरी हवं.

अडतं ते इथे. नेता सभेत म्हणतो, ‘ही कीड आहे, ठेचलीच पाहिजे.’ ते वाक्य मथळ्यात घेतलं तर आपणच त्याचा भोंगा होतो, नाही घेतलं तर बातमी लपवल्याचा आरोप होतो. दुसरं, गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचा धर्म, जात, मूळ प्रांत कधी लिहायचा? तिसरं, थेट चर्चेत पाहुणा घसरला तर पुढच्या दहा सेकंदांत कोणी काय करायचं? चौथं, बातमीखालच्या प्रतिक्रिया.

कायद्याची कलमं नकोत, ती देशागणिक बदलतात आणि त्यासाठी वकील आहेत. डेस्कवर करता येईल ते सांगा.

मथळेकर :

सगळ्यात जास्त नुकसान मथळ्याने होतं, कारण मथळा एकटा फिरतो. नोटिफिकेशन, स्क्रीनशॉट, पडद्याखालची पट्टी, शोधयंत्रातली ओळ, या सगळीकडे फक्त मथळा पोचतो. चौथ्या परिच्छेदातला खुलासा तिथवर जात नाही. त्यामुळे मथळा सोडण्याआधी तो बातमीपासून तोडून, नुसता वाचायचा आणि विचारायचं : हे कोण बोलतंय? उत्तर ‘आपलं पोर्टल’ असं येत असेल तर मथळा परत लिहायचा.

तुमचंच उदाहरण घेऊ.

‘ही कीड ठेचलीच पाहिजे!’ यात बोलणारा गायब आहे. अवतरणचिन्हं आहेत, पण मोबाइलवर ती नजरेत भरत नाहीत आणि कोणी मोठ्याने वाचून दाखवलं तर ऐकूही येत नाहीत. शेवटी उरते ती आज्ञा.

‘नेत्याची जीभ घसरली’ किंवा ‘वादग्रस्त वक्तव्य’ हे दुसरं टोक. जीभ नकळत घसरते. टाळ्यांसाठी थांबून दोनदा म्हटलेलं वाक्य घसरलेलं नसतं. ‘वादग्रस्त’ म्हटलं की दोन्ही बाजूंना काहीतरी तथ्य असावं असं वाटतं, आणि नेता नेमकं काय बोलला हे न कळल्याने वाचक क्लिप शोधत फिरतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१९ मध्ये असल्याच गुळमुळीतपणाला मनाई केली : गोष्ट वर्णद्वेषी असेल तर तिला वर्णद्वेषी म्हणा, आडवळणाची विशेषणं लावू नका.

चालेल असा मथळा : ‘अमुक यांचं सभेत स्थलांतरितांवर हल्ल्याचं आवाहन, पोलिसांत तक्रार’. यात कर्ता बोलणारा आहे आणि क्रिया त्याने केलेली आहे. ज्यांच्याविरुद्ध बोललं गेलं ते मथळ्याचे कर्ते होता कामा नयेत. ‘चिथावणी’ लिहायची घाई करू नका. बऱ्याच ठिकाणी तो गुन्ह्याचा शब्द आहे, तक्रारीत किंवा निकालात आला तर त्यांच्या नावाने लिहावा. पण वाक्यात आज्ञार्थ किंवा ‘पाहिजे’, ‘हवं’ असेल तर ‘आवाहन’ लिहायला हरकत नाही, आणि नुसती तुलना असेल तर ‘स्थलांतरितांची तुलना किड्यांशी’ इतकंच लिहायचं. जेवढं केलं तेवढं, पण पूर्ण.

दोन सवयी तर थेट बंद करा. एक, प्रश्नार्थक मथळा : ‘शहर कोणाच्या विळख्यात?’ आरोप करून मोकळं व्हायची ही पद्धत आहे. उत्तर माहीत असेल तर विधान करा, माहीत नसेल तर बातमी अजून तयार नाही. दुसरी, एकेरी अवतरणातला ‘त्या’. ‘‘त्या’ वस्तीत चाललंय काय?’ असं लिहिलं की वाचकाच्या मनात जो पूर्वग्रह असेल तो आपोआप त्या जागी बसतो, आणि आपण काहीच लिहिलं नाही असं म्हणता येतं. मराठी मथळ्यांत हा प्रकार फार बोकाळला आहे.

मजकुराचा क्रम : पहिल्या परिच्छेदात कोण, कुठे, कोणासमोर, कशाचं आवाहन. भाषणातला आकडा खोटा असेल तर खरा आकडा आधी द्यायचा, मग दावा, मग पुन्हा तो का चुकीचा ते. आधी खोटं आणि खाली दुरुस्ती असा क्रम ठेवला तर लक्षात खोटंच राहतं. मूळ वाक्य एकदाच, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, पूर्ण. चौकटीत नाही, ग्राफिक्स प्लेटवर नाही. त्याला लागून, ज्यांच्याबद्दल ते बोललं गेलं त्यांच्यापैकी कोणाचं तरी म्हणणं. विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याचा बाइट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) ही जागा भरत नाही, तरी जवळजवळ प्रत्येक बातमीत तोच असतो.

मुद्रितशोधक :

मथळ्याबद्दल सहमत. मूळ वाक्य तिसऱ्या परिच्छेदात ढकलणं मात्र पटत नाही. मत मागणाऱ्या माणसाने कोणते शब्द वापरले हे मतदाराला जसंच्या तसं कळलं पाहिजे. फुल्या टाकल्या किंवा ‘आक्षेपार्ह शब्द वापरले’ लिहिलं की वाचक आपल्या मनाने काहीतरी भरतो, आणि बोलणाऱ्याला ‘मी तसं म्हणालोच नाही’ म्हणायची सोय होते. दुसरा परिच्छेद, पूर्ण वाक्य, आधीचं आणि नंतरचं वाक्यही. दाबायचं काहीच नाही.

पण माझ्या मते मोठी गफलत अवतरणांत होतच नाही. ती आपल्या स्वतःच्या गद्यात होते, जिथे कोणा नेत्याकडे बोट दाखवता येत नाही. प्रुफं वाचताना हे शब्द दिसले की थांबायचं :

‘सुळसुळाट’, ‘विळखा’, ‘पिलावळ’, ‘उच्छाद’ हे उंदीर, साप, किडे, टोळधाडीच्या बाजूचे शब्द. चोरांच्या टोळीला लावले तर एक वेळ ठीक, समाजाला किंवा वस्तीला कधीच नाही. ‘लोंढे’ही त्यातलाच. ‘लोंढे आदळताहेत’ म्हटलं की माणसं संपली आणि पूर आला. आकडा असेल तर आकडा लिहा : ‘वर्षभरात अमुक हजार कुटुंबं आली’. आकडा नसेल तर ‘लोंढे’ लिहायचाही अधिकार नाही.

‘चोप दिला’, ‘प्रसाद दिला’, ‘धडा शिकवला’. तिन्ही शब्दांत मारणारा बरोबर ठरतो. ‘जमावाने मारहाण केली’ असं लिहा आणि जखमा किती, कुठे ते लिहा.

‘संतप्त जमाव’. संताप हे कारण आपण दिलं. जमाव संतप्त होता की आधीपासून काठ्या घेऊन, ठरवून आला होता, हे बातमीदाराने पाहिलं आहे का? नसेल तर नुसता ‘जमाव’.

‘पडसाद उमटले’, ‘दंगल उसळली’, ‘हिंसाचाराचं लोण पसरलं’. इथे क्रियापदाला माणूसच नाही. पडसाद डोंगरातून आपोआप येतो, दुकानं आपोआप जळत नाहीत. ‘एका गावातल्या घटनेचे दुसऱ्या गावात पडसाद’ या मथळ्याने दुसऱ्या गावात हल्ला करणाऱ्यांना कारण बहाल केलेलं असतं. कोणी केलं हे माहीत नसेल तर ‘अज्ञातांनी सात दुकानं जाळली’. तेवढं लिहिलं तरी जाळणारे कोणीतरी आहेत हे राहतं.

तपासण्याची सोपी युक्ती : वाक्यातल्या समाजाच्या जागी वाचकाचा स्वतःचा समाज घालून वाक्य मोठ्याने वाचा. कानाला बोचलं तर बदला. हे मनातल्या मनात करू नका, शेजारच्याला वाचून दाखवा. मनातल्या मनात सगळंच चालून जातं.

कायदेपान :

कलमं नकोत म्हणालात, तरी अवतरणाच्या वादात एक खटला थेट कामाचा आहे. डेन्मार्कच्या एका टीव्ही पत्रकाराने १९८५ मध्ये वंशद्वेषी तरुणांच्या टोळक्याची मुलाखत दाखवली. तरुणांना शिक्षा झाली, आणि त्यांना बोलायला जागा दिली म्हणून पत्रकारालाही. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. १९९४ मध्ये न्यायालयाने १२ विरुद्ध ७ मतांनी सांगितलं की पत्रकाराला शिक्षा करणं चूक होतं. तरुणांच्या शब्दांना संरक्षण नाही, हेही त्याच निकालात आहे. दोघांत फरक कशाने पडला ते पाहा : प्रास्ताविकात कार्यक्रमाचा विषय वंशद्वेष हाच असल्याचं सांगितलं होतं, कार्यक्रम गंभीर वृत्तविषयक होता, आणि मुलाखतकाराने काही विधानं तिथल्या तिथे खोडून काढली होती.

म्हणजे मुद्रितशोधक म्हणतात तसं वाक्य जसंच्या तसं देता येतं, पण मथळेकर म्हणतात ती मांडणी असेल तरच. डेस्कसाठी नियम असा करा : मूळ वाक्य दुसऱ्या परिच्छेदात चालेल, पण इंट्रोशिवाय, म्हणजे संदर्भ देणाऱ्या पहिल्या परिच्छेदाशिवाय, ते वाक्य कुठेही जाणार नाही. रील, थंबनेल, पट्टी या ठिकाणी इंट्रो जात नाही, तर तिथे वाक्यही जाणार नाही.

एक अपवाद आहे. हल्लेखोराने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी लिहिलेलं पत्रक किंवा केलेलं थेट चित्रण. तिथे ‘वाचकाला कळू दे’ हा युक्तिवाद लागू होत नाही, कारण ते पसरवणं हा गुन्ह्याचाच भाग असतो. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर न्यूझीलंडमधल्या प्रमुख वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन खटल्याच्या वार्तांकनाची मर्यादा लेखी ठरवली : वर्णश्रेष्ठत्वाच्या विचाराचा उघड पुरस्कार करणाऱ्या विधानांना कमीत कमी जागा द्यायची. स्पर्धकांनी आधीच एकत्र ठरवलं, म्हणून ‘त्यांनी दाखवलं, मग आपणही’ ही सबब उरली नाही.

आणि ‘आचारसंहितेत बसतं’ यावर विसंबू नका. ब्रिटनमधल्या इप्सो या वृत्तपत्र-नियामकाच्या संहितेतलं भेदभावाचं कलम व्यक्तीला संरक्षण देतं, समूहाला नाही. २०१५ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राच्या स्तंभात स्थलांतरितांची तुलना झुरळांशी झाली, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी जाहीर निषेध केला, तरी भेदभावाच्या त्या कलमाखाली काही करता आलं नाही.

गुन्हेवार्ता :

आरोपीच्या ओळखीबद्दल. जर्मनीच्या प्रेस कौन्सिलचं सूत्र मला सगळ्यात वापरण्याजोगं वाटतं. २०१७ मध्ये त्यांनी ते सुधारलं : आरोपी कोणत्या वांशिक, धार्मिक किंवा अन्य गटाचा हे सहसा लिहायचं नाही, लिहायचं असेल तर सार्वजनिक हिताचं कारण दाखवता आलं पाहिजे. नुसतं कुतूहल हे कारण नाही.

रोजच्या कामात याचे दोन प्रश्न होतात. ही ओळख काढली तर गुन्हा समजायला काही कमी पडतं का? हल्ला द्वेषातून झाला असेल तर पडतं, तिथे लिहायलाच हवं, हल्लेखोराचीही आणि पीडिताचीही. फरार माणसाचं वर्णन द्यायचं असेल तरी कपडे, उंची, वय कामाचे. आडनावावरून कोणी माणूस ओळखत नाही. दुसरा प्रश्न : बहुसंख्य समाजाच्या आरोपीच्या बातमीत आपण हीच ओळख लिहिली असती का? मागच्या महिन्याच्या पन्नास बातम्या काढा आणि मोजा. उत्तर समोर येतं.

‘एका विशिष्ट समाजाचा तरुण’ हा मधला मार्ग नाही. वाचकाला कोडं घालून त्याच्याकडून उत्तर वदवून घेणं आहे ते. लिहायचं तर नाव घेऊन, कारणासकट. नाहीतर मुळीच नाही. अफवा पसरलेली असेल, आणि आरोपी भलत्याच समाजाचा म्हणून लोक पेटले असतील, तर मात्र खरी ओळख लवकर आणि ठळकपणे देणं भाग आहे.

यापेक्षा धोकादायक गोष्ट म्हणजे पत्ता. आरोपीची गल्ली, घराचा फोटो, भावाच्या दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक. रवांडातल्या आरटीएलएम या रेडिओची आठवण ठेवा. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेला हा रेडिओ लोक ऐकायचे ते गाण्यांसाठी आणि मोकळ्या गप्पांसाठी. तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला ‘झुरळं’ म्हणणं त्याच गप्पांत मुरलं. एप्रिल १९९४ पासून नरसंहार सुरू असताना त्याच आवाजात माणसांची नावं, ठिकाणं, गाड्यांचे क्रमांक सांगितले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या रेडिओशी संबंधित दोघांना आणि ‘कांगुरा’ या नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवलं. २००७ च्या अपिलात शिक्षा कमी झाल्या, काही आरोप गळाले, पण ६ एप्रिल १९९४ नंतरचं प्रसारण ही नरसंहाराची थेट चिथावणी होती हे कायम राहिलं. आपल्या बातमीत वाईट शब्द एकही नसेल, तरी तणावाच्या दिवशी छापलेला पत्ता पुरेसा आहे. म्हणून तणाव असताना परिसराचं नाव प्रभागापर्यंतच, त्याच्या आत नाही.

फाइल फुटेजवर ‘संग्रहित’ ही पाटी पूर्ण वेळ ठेवा, पहिले तीन सेकंद नव्हे. गुन्ह्याच्या बातमीला प्रार्थनास्थळाचं किंवा सणाच्या गर्दीचं फाइल चित्र तर लावूच नका.

पीसीआर (टीव्हीचा नियंत्रण कक्ष) :

थेट चर्चेत निम्मं काम आधीच बिघडलेलं असतं. पाहुणा बोलायच्या आधीपासून पडद्यावर तासभर ‘...चा डाव?’ अशी पट्टी चालू असते. ती रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रिकेत, दुपारीच लिहिलेली असते. त्यामुळे पट्टीचा मजकूर मथळ्याइतकाच तपासला गेला पाहिजे, आणि ती मंजूर करणारा माणूस पाळीच्या यादीत नावाने असावा.

पाहुणा घसरला तर : अँकरने वाक्य तोडून, तीन गोष्टी सांगायच्या. ‘थांबा. तुम्ही आत्ता एका पूर्ण समाजाला गुन्हेगार म्हणालात. याला काय आधार आहे?’ काय झालं ते नाव देऊन सांगितलं पाहिजे. ‘हे तुमचं वैयक्तिक मत झालं, पुढे जाऊ या’ म्हणणं म्हणजे ते वाक्य मत म्हणून पावन करून घेणं. पाहुण्याने पुन्हा तेच केलं तर निर्मात्याने विचारत बसू नये, माइक खाली घ्यावा, आणि का घेतला हे अँकरने प्रेक्षकाला सांगावं. हिंसेचं थेट आवाहन असेल तर दुसरी संधी नाही. हा अधिकार पाळीतल्या निर्मात्याकडे लेखी असला पाहिजे, कारण वरिष्ठांना फोन लागेपर्यंत पाहुण्याचं बोलून झालेलं असतं.

श्रोत्यांचे फोन थेट घेत असाल तर काही सेकंदांचा विलंब ठेवणारी यंत्रणा आणि तोडण्याचं बटण हवंच. केनियात २००७-०८ च्या निवडणूकोत्तर हिंसाचारानंतर स्थानिक भाषांतल्या रेडिओंच्या फोन-इन कार्यक्रमांवर मोठी टीका झाली. सूत्रसंचालकाला भाषेतले आडपडद्याचे इशारे कळत असतात आणि तो हसून सोडून देतो, तेव्हा तो इशारा स्टुडिओचा होतो.

आणि क्लिपांचा विभाग. चर्चेतला सगळ्यात विखारी चाळीस सेकंदांचा तुकडा कापून, अँकरचं उत्तर वगळून, प्रसिद्ध केला जातो, कारण तोच चालतो. क्लिप अँकरच्या उत्तरासकट जाईल, नाहीतर जाणार नाही.

रात्रपाळी :

सगळ्यांचे आभार, यातलं बरंचसं जसंच्या तसं घेतो. एक अडचण उरते. प्रत्येक कडवट वाक्याला हे सगळं लावलं तर टीकाही दबेल. सरकारवर, धर्मसंस्थेवर, एखाद्या प्रथेवर कडक टीका होणारच. फरक पटकन कसा करायचा?

कायदेपान :

लक्ष्य काय आहे ते आधी पाहा. विचार, ग्रंथ, प्रथा, संस्था, सत्ता यांच्यावर कितीही झोंबरी टीका असली तरी ती या नियमावलीत येत नाही. माणसं केवळ त्या गटात जन्मली किंवा राहतात म्हणून लक्ष्य होत असतील तरच येते.

मग तीव्रता. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारातून २०१२ मध्ये तयार झालेल्या रबात कृती आराखड्यात सहा कसोट्या आहेत : परिस्थिती, बोलणारा कोण, हेतू, आशय आणि मांडणी, किती लोकांपर्यंत पोच, आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती नजीकची. त्या कसोट्या फौजदारी गुन्ह्याचा उंबरठा ठरवण्यासाठी आहेत, म्हणून त्या पार झाल्या नाहीत तर सगळं छापण्याजोगं, असा अर्थ काढू नका. डेस्कवर त्या क्रम लावायला वापरा. तेच वाक्य शांत गावातल्या अनोळखी माणसाने म्हटलं तर कदाचित बातमीच नाही. मिरवणुकीच्या आदल्या रात्री, ज्याचं लोक ऐकतात अशा माणसाने म्हटलं तर मुख्य उपसंपादकाने स्वतः वाचल्याशिवाय कॉपी जाऊ नये.

आणखी एक खूण : ‘ते आपल्याला संपवणार आहेत, म्हणून आधी आपण...’ अशी रचना. समोरचा हल्ला करणार असं सांगून स्वतःच्या हल्ल्याला बचाव ठरवायचं. शिवी एकही नसते, म्हणून ही सगळ्यात सहज सुटते.

जालपाल :

प्रतिक्रियांवर कोणी लिहिलं नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवा. डेल्फी या एस्टोनियन पोर्टलवर २००६ मध्ये एका फेरीबोट कंपनीच्या बातमीखाली १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या वीसेक धमक्या आणि विखार. त्या सुमारे सहा आठवडे तशाच राहिल्या. पोर्टलला ३२० युरोंची नुकसानभरपाई द्यावी लागली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती योग्य ठरवली. २०१६ मध्ये हंगेरीतल्या एका पोर्टलला आणि पोर्टलांच्या संघटनेला मात्र त्याच न्यायालयाने सोडवलं, कारण तिथल्या प्रतिक्रिया असभ्य होत्या, द्वेषाच्या किंवा हिंसेच्या नव्हत्या. म्हणजे शिवराळपणामागे धावू नका, आधी धमकी आणि द्वेष काढा.

शब्दगाळणी एकटी कुचकामी आहे. देवनागरीत ती ऱ्हस्व-दीर्घाने, अनुस्वाराने, अक्षरांमध्ये जागा किंवा टिंब टाकून, रोमन लिपीत लिहून चुकवली जाते. उलट शब्द उद्धृत करून निषेध करणारा त्यात अडकतो. आणि ‘यांना एकदा दाखवायलाच हवं’ यात गाळणीला सापडेल असा शब्दच नाही. त्यामुळे नियमावलीत विषयांची यादी ठेवा : समूहांतला हिंसाचार, लैंगिक गुन्हे, स्थलांतर. या बातम्यांवर प्रतिक्रिया आधी वाचून मगच प्रसिद्ध. वाचायला माणूस नसेल त्या पाळीत प्रतिक्रिया बंद. धमकी काढून टाकण्याआधी तिचा स्क्रीनशॉट, वेळ आणि खात्याचा क्रमांक जपून ठेवा, पुढे पोलिसांना तो लागतो.

मथळा चुकून गेलाच, तर फक्त पानावरचा मथळा बदलून काम संपत नाही. वेबपत्त्यातली ओळ जुनीच राहते, ती बदलून जुना पत्ता नव्याकडे वळवा. शेअर केल्यावर दिसणारं चित्र आणि शीर्षक समाजमाध्यमांच्या साठ्यात जुनंच असतं, ते त्यांच्या तपासणी साधनातून ताजं करून घ्यावं लागतं. गेलेलं नोटिफिकेशन परत येत नाही, म्हणून त्याच लोकांना दुरुस्तीचं दुसरं पाठवा, त्यात जुना मथळा न उद्धरता. पानाच्या वर, तळाशी नव्हे, काय बदललं आणि किती वाजता ते लिहा. एजन्सीला किंवा भागीदार पोर्टलला कॉपी गेली असेल तर त्यांना फोन करा. ईमेल सकाळी उघडला जातो.